परसातला सरवा



नोव्हेंबर महिना हा झाडलोटीचा महिना होय. मृतांच्या दिवसानिमित्त दोन तारखेपूर्वी आपण दफनभूमीतील गवत काढतो, क्रूसांना चुना देतो; पावसाळाभर ओल धरलेल्या भिंतींकडे पाहून नाताळच्या रंगाचा हिशेब मांडू लागतो; आणि याच दिवसांत परसातला भाजीचा मळा मोडण्याचीही वेळ येते. दोडक्याचे वेल पिवळे पडलेले असतात. भेंडीची झाडे पुरुषभर उंच होऊन शेंड्याला दोन जून शेंगा धरून उभी असतात. काकडीच्या मांडवावर नुसती वाळकी देठे लोंबत असतात. मेथी, मुळा, लसूण, वाटाणा यांना जागा हवी असते. तेव्हा घरचा कर्ता पुरुष एका सकाळी कोयता घेतो व दुपारच्या आत सगळे भुईसपाट करतो. यात गैर काहीच नाही. परंतु कोयता चालविण्याआधी त्याने एकदा खाली वाकून पाहावे, एवढे आज आम्हांस सुचवावयाचे आहे.

वाकून पाहणाऱ्यास काय सापडते, ते येथे पिपलानीत आम्ही दरवर्षी पाहतो. भोपाळचा पाऊस सप्टेंबरअखेर ओसरतो आणि ऑक्टोबरच्या उन्हात वेलींची मोठी पाने मरगळून खाली बसतात. मग कालपर्यंत जेथे नुसते हिरवे रान होते तेथे एक भला थोरला लाल भोपळा बसलेला दिसतो. तो कधी कुंपणापलीकडे गटाराच्या काठी असतो, कधी मोरीच्या पाइपामागे, तर कधी कौलावर. (भोपाळास बदली होऊन आलेल्या मराठी माणसाला भोपाळ आणि भोपळा यांवरील विनोद पहिल्या वर्षी निदान दहा वेळा ऐकावा लागतो, तो येथे सांगून आम्ही अकरावी वेळ आणीत नाही.) असा भोपळा देठाशी चार बोटे देठ ठेवून कापावा. नखाने साल दबत नसेल तर तो पक्का झाला असे समजावे, आठ-दहा दिवस उन्हात राहू द्यावा आणि मग कोरड्या जागी फळीवर ठेवावा. जमिनीवर ठेवू नये. तो नाताळपर्यंत सहज टिकतो, पुष्कळदा त्याहूनही अधिक.

भोपळा निदान डोळ्यांना दिसतो. खरी गंमत जमिनीखाली असते. आल्याची पाने या दिवसांत पिवळी पडतात आणि ज्याने ती लावली नाहीत त्याला ती गवतासारखी दिसतात, हळदीचे तसेच. रताळ्याचा वेल ओढून टाकला की लोक समजतात रताळी निघाली. पण वेल जेथे जेथे जमिनीला टेकून मुळे धरतो तेथेही लहान रताळी धरलेली असतात आणि ती मूळ खड्ड्यापासून हातभर दूर सापडतात. भुईमुगाचे झाड उपटले म्हणजे काही शेंगा देठ तुटून मातीतच राहतात. अळूच्या पानांची वडी आवडीने खाणारे कित्येक जण खालच्या अळकुड्या विसरतात. त्यांनाच इकडे अरबी म्हणून बाजारात चांगला भाव येतो.

माळव्याकडील ही माती काळी आहे. ओली असता ती चिखल होते, वाळली म्हणजे दगड होते आणि तिला भेगा पडतात. म्हणून कंद काढावयाचे असतील तर आदल्या दिवशी पाणी द्यावे, दुसऱ्या दिवशी कुदळ दूरवर मारून माती उलटी करावी व शेवटचे काम हातांनी करावे. ज्या गावी लाल माती किंवा रेताड भाट आहे तेथील वाचकांना हा खटाटोप पडत नाही. ते भाग्यवान आहेत. कुदळीचा घाव लागलेला कंद साठवू नये, त्याच दिवशी खावा. निर्दोष रताळी सावलीत आठवडाभर पसरून मग शिजविली तर अधिक गोड लागतात.

झाडावर राहिलेले हिरवे टोमॅटो पुष्कळ घरी फेकून देतात. जे टोमॅटो पूर्ण वाढले आहेत व ज्यांचा हिरवा रंग थोडा फिकट झाला आहे ते काढल्यावरही पिकतात. गवतात किंवा कागदात, एखाद्या पिकलेल्या केळ्याबरोबर ठेवावेत. पिकणाऱ्या फळातून जो वायू निघतो त्याने शेजारचे फळही पिकू लागते. अगदी कोवळ्या टोमॅटोंची मात्र चटणीच करावी.

दोन गोष्टी जपून कराव्यात. मांडवावर उशिरा सापडलेला दुधी किंवा काकडी चाखून पाहावी आणि कडू लागल्यास तत्काळ थुंकून टाकावी. तो दुधी शिजवून खाऊ नये आणि औषध म्हणून त्याचा रस तर मुळीच पिऊ नये. कडू दुधीच्या रसाने माणसे दगावलेली आहेत आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी त्याविषयी स्पष्ट इशारा दिलेला आहे. सापडले ते सर्व देवाने दिले हे खरे, पण देवाने जीभही त्याचसाठी दिलेली आहे. दुसरे असे की, मार्चमध्ये बटाटे काढताना जे बटाटे उघडे पडून हिरवे झालेले सापडतील ते टाकून द्यावेत. तेथे काटकसर नको.

आता वालाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण या महिन्यात सर्वांत अधिक अन्याय वालावर होतो. वालाचा वेल जूनमध्ये लावतात. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर हे तिन्ही महिने तो नुसता वाढतो. मांडव भरतो, कुंपण भरतो, शेजाऱ्याच्या पेरूवर चढतो, पण फुलाचे नाव नाही. दोडका, कारले, भेंडी देऊन मोकळी झाली तरी याचे काही नाही. तेव्हा घरची मंडळी त्यास वांझ ठरवितात आणि बाकीच्या वेलींबरोबर त्याच्याही बुडाशी कोयता बसतो. परंतु वालाच्या आपल्याकडील जुन्या जाती दिवस लहान होण्याची वाट पाहणाऱ्या आहेत. भोपाळ कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहे. येथे जूनअखेर दिवस सुमारे साडेतेरा तासांचा असतो आणि डिसेंबरात तो पावणेअकरा तासांवर येतो. रात्र पुरेशी लांबली की वेलीस आतून खूण मिळते आणि मग ती फुलावर येते. त्याआधी कितीही खत घाला, पाणी घाला, ती ऐकावयाची नाही. उलट खताने पानेच वाढतात. जो वेल दिवाळीत तुटला त्याच्या शेंगा नाताळात मिळाल्या असत्या, आणि नंतरही महिना-दोन महिने मिळत राहिल्या असत्या. चौधारी घेवड्याचीही हीच रीत आहे.

संत लूकच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायात तीन वर्षे फळ न देणाऱ्या अंजिराचा दाखला आहे. मालक म्हणतो तोडून टाक; माळी म्हणतो आणखी एक वर्ष थांबा, मी आळे खणतो, खत घालतो. आम्ही सेमिनरीत असताना या दाखल्यावर पुष्कळ विद्वत्तापूर्ण भाष्ये वाचली. त्यांपैकी एकाही भाष्यकाराने बहुधा वाल लावला नसावा. त्या माळ्याची गोष्ट दयेची आहे हे उघडच आहे. पण ती ज्ञानाचीही आहे. मालकाला झाड माहीत नव्हते, माळ्याला माहीत होते. ज्याला झाडाची रीत ठाऊक आहे त्यालाच थांबण्याचे धैर्य होते.

वालाचे वाळलेले दाणे मात्र तसेच शिजवून खाऊ नयेत. भिजवून, मोड आणून, सोलून, नीट उकडून खावेत. बिरड्याची ही पद्धत आपल्या आज्यांनी हौसेने काढलेली नाही. कच्च्या दाण्यांत अपायकारक अंश असतो, तो या खटपटीने जातो.

पिपलानीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण गावाकडील वाचकांना वाटेल की कारखान्याच्या वसाहतीत परसबाग कुठून आली? १९५६ साली दोन गोष्टी घडल्या. १ नोव्हेंबर रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले, त्याची राजधानी भोपाळ ठरली आणि नागपूरच्या कित्येक कचेऱ्या इकडे आल्या. त्याच वर्षी भोपाळात विजेची अवजड यंत्रे बनविणारी सरकारी कंपनी, हेवी इलेक्ट्रिकल्स, स्थापन झाली. पंडित नेहरूंनी १९६० च्या नोव्हेंबरात तिचा कारखाना राष्ट्राला अर्पण केला आणि १९७४ साली ती ‘भेल’मध्ये विलीन झाली. कामगारांसाठी पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा या वसाहती उभ्या राहिल्या. देशाच्या सर्व भागांतून माणसे आली आणि त्यांच्यामागून ख्रिस्तसभाही आली. १९६३ साली भोपाळ हा महाधर्मप्रांत झाला आणि त्याचे पहिले आर्चबिशप युजीन डिसोझा हे नागपूरहूनच येथे आले. तेव्हा नागपूरचे आणि या गावाचे नाते कचेऱ्यांपुरते नाही.

त्या काळी जमीन मुबलक होती, म्हणून क्वार्टरच्या पुढेमागे मोकळी जागा ठेवण्यात आली. माणसे खेड्यातली, त्यांनी ती जागा रिकामी कशी ठेवावी? सुटीहून परतताना प्रत्येकाच्या ट्रंकेत बियाण्यांची पुरचुंडी असे. केरळच्या घरी टॅपिओका व सुरण, तेलुगू घरी अंबाडी, बंगाल्याच्या कुंपणावर मायाळू, मराठी घरी वाल आणि अळू. आजही वसाहतीतून फिरताना दारावरची पाटी न वाचता परसाकडे पाहून कुटुंब कोठले ते पुष्कळदा ओळखता येते. आता कामगार पूर्वीइतके राहिलेले नाहीत. निवृत्त होणारी कुटुंबे क्वार्टर सोडून मुलांकडे जातात. घरे काही काळ बंद राहतात, आणि बंद घराच्या परसात भोपळा कोणाला न विचारता वाढत राहतो.

असे जे सापडते ते कोणाचे? आमच्या मते हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

मराठीत एक सुंदर शब्द आहे, सरवा. पीक कापून नेल्यावर शेतात जी कणसे व दाणे पडून राहतात तो सरवा. इकडच्या हिंदीत त्यास सिला म्हणतात आणि संस्कृतात असे दाणे वेचून जगणे ही ऋषींची उंछवृत्ती मानली गेली. मोशेच्या नियमशास्त्रात, लेवीय १९ आणि अनुवाद २४ या अध्यायांत, सरव्याविषयी स्पष्ट आज्ञा आहे. शेताचे कोपरे कापू नयेत, पडलेले वेचू नये, जैतुनाचे झाड दुसऱ्यांदा झोडपू नये आणि शेतात पेंढी विसरली तर ती आणावयास मागे फिरू नये. ते परक्याचे, पोरक्याचे आणि विधवेचे आहे. येथे दान करा असे म्हटलेले नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. दान देणाऱ्याच्या मर्जीवर असते. सरवा हा वेचणाऱ्याचा हक्क आहे. मालकाने फक्त बाजूला व्हावयाचे आहे. आणि विसरलेल्या पेंढीबाबत तर मालकाचे विसरणे हेच गरिबाचे खातेपत्र ठरते!

रूथ ही मवाबी विधवा या हक्काच्या बळावरच बेथलेहेमात बवाजाच्या शेतात गेली. तिने मागितले नाही, वेचले. सासू नामीसाठी संध्याकाळी धान्य झोडपून नेले. पुढे बवाजाशी तिचा विवाह झाला, त्यांचा मुलगा ओबेद, त्याचा इशाय, त्याचा दावीद. आणि संत मत्तयाने प्रभू येशूच्या वंशावळीत रूथचे नाव मुद्दाम घातले आहे. शेतात राहिलेला दाणा कोठवर पोहोचेल याचा अंदाज करणे आमच्या आवाक्याबाहेरचे आहे.

पुढील काळात हा हक्क कसा आक्रसत गेला तेही पाहण्यासारखे आहे. युरोपातील खेड्यांत तो शतकानुशतके रूढ होता. फ्रेंच चित्रकार मिले याने १८५७ साली कापणीनंतर वाकून सरवा वेचणाऱ्या तीन बायांचे चित्र काढले ते पुष्कळांनी पाहिलेले असेल. पण इंग्लंडात त्याआधीच, १७८८ साली, न्यायालयाने ठरविले की सरवा वेचण्याचा कोणासही कायद्याने हक्क नाही. मालकाने परवानगी दिली तर ती त्याची कृपा. हक्काचे असे दानात रूपांतर झाले म्हणजे घेणाऱ्याची मान खाली जाते. आपल्याकडे कायद्याने नव्हे, पण कंजूषपणाने हेच होत आहे. पहिले फळ आपण उत्साहाने देवळात आणतो. मुंबई-वसईकडे आगेऱ्याला नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत येतात आणि पुरोहित त्यांस आशीर्वाद देतो. हे फार चांगले. परंतु त्याच नियमशास्त्राने पहिले फळ देवाला आणि शेवटचे फळ गरिबाला दिलेले आहे, आणि शेवटच्या फळाची मिरवणूक आम्ही अद्याप कोठे पाहिली नाही.

आमच्या धर्मग्रामातील एक गोष्ट येथे सांगतो. एका मराठी कुटुंबातील गृहस्थ निवृत्तीस वर्ष राहिले असता आजारी पडले आणि सप्टेंबरात वारले. पत्नीस क्वार्टर सोडण्यासाठी जी मुदत मिळते ती नोव्हेंबरअखेर संपत होती. मुलगा पुण्याहून आला. घर रिकामे करून स्वच्छ परत द्यावयाचे म्हणून त्याने दोन मजूर बोलाविले आणि परस साफ करण्यास सांगितले. त्या दिवशी आम्ही सामानाला आणि प्रवासाला आशीर्वाद देण्यासाठी गेलो होतो. मजुरांनी गवताचा म्हणून एक पट्टा उपटला तो त्याच्याखाली आले निघाले. एक पूर्ण वाफा. जूनमध्ये, आजाराच्या आधी, गृहस्थांनी ते लावले होते आणि कोणास सांगितलेही नव्हते.

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्या खाली बसल्या आणि हातांनी माती झटकून एकेक गड्डा बाजूला ठेवू लागल्या. पुढे मजूर कुंपणावरच्या वालाकडे वळले तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, “अरे, त्याला कशाला हात लावता? त्याचं द्यायचं तर अजून सुरू व्हायचंय.” वेलीवर तेव्हा जांभळ्या फुलांचे तुरे नुकते आले होते. मुलाने समजाविले, “आई, आपण चार दिवसांनी जाणार. घर बंद राहील. खाणार कोण?”

खाणारे कोण ते कुंपणाशीच उभे होते. त्यांच्याकडे धुणेभांडी करणारी बाई, पलीकडच्या वस्तीत राहणारी, गेले दोन महिने गृहस्थांच्या आजारपणात त्या वेलीला रोज पाणी घालीत होती. तिने काही मागितले नाही. मुलाने तिच्याकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले. आम्ही काहीच बोललो नाही. रूथचा ग्रंथ तेथे उघडण्याचे कारण नव्हते. तो म्हणाला, “आई, कुंपणाची ती बाजू राहू दे.” मजुरांना त्याने तेवढे सोडून बाकीचे साफ करावयास लावले. शेंगा कुंपणाच्या बाहेरूनही हाताला येत होत्या.

आल्याची वाटणी बाईंनी स्वतः केली. दोन्ही शेजाऱ्यांना एकेक गड्डा, त्यांतील एक घर मल्याळी आणि एक मुसलमान. आमच्या स्वयंपाकघरासाठी एक. पाणी घालणाऱ्या बाईला सर्वांत मोठा. डोळे फुटू लागलेला एक तुकडा त्यांनी कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला, पुण्याच्या गॅलरीत कुंडीत लावण्यासाठी. त्या घरच्या वालाच्या शेंगा फेब्रुवारीपर्यंत तोडल्या जात होत्या, हे आम्ही जाता-येता पाहिले आहे.

कोणी म्हणेल, फादर, आमचे परस चार हातांचे. त्यात सरवा तो काय निघणार? खरे आहे. पण चार हातांच्या जागेलाही कोपरे चारच असतात, आणि एकरभर शेताला त्याहून अधिक नसतात. एका कोपऱ्यातला वाल, कुंपणाबाहेर गेलेला भोपळा, रस्त्याच्या बाजूला लोंबलेली शेवग्याची शेंग. एवढे जरी ‘आमचे’ या शब्दातून वगळले तरी पुष्कळ झाले. आमच्या पाहण्यात अशीही घरे आहेत की जेथे कुंपणाबाहेरच्या पेरूवरून दोन पिढ्या बोलणे बंद आहे. त्यांची नावे आम्ही सांगत नाही. ज्यांची त्यांना कळतील.

बियाण्याचे तेवढे विसरू नये. जून झालेली भेंडी, वेलीवर लाल होऊन फुटलेले कारले, वाळून खुळखुळणारे घोसाळे यांना शेवटचा सरवा समजावे. घोसाळ्याची जाळी अंग घासण्यास उपयोगी पडते, बी पुढच्या जूनसाठी ठेवावे. करटोलीचा वेल वाळला तरी तिचा कंद जमिनीत जिवंत असतो. तो खणून फेकू नये, जागेवर खूण म्हणून काठी रोवावी. करटोलीत नर व मादी वेल निराळे असतात, म्हणून दोन्ही जागा राखाव्यात.

देवळामागील आमच्या परसात कोनफळाचा एक वेल पेरूच्या झाडावर चढविलेला आहे. वसई-पालघरकडील उकडहंडी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना कोनफळाची थोरवी सांगावयास नको. इकडील मंडळींना तो जांभळा कंद पाहून प्रथम भय वाटते. त्याची पाने आता पिवळी पडत आहेत. शेजारी सुरणाचेही चार गड्डे आहेत; सुरण चिरताना हातांस तेल लावावे आणि शिजविताना चिंच किंवा आमसूल घालावे, नाही तर घसा खवखवतो. आगमनकाळाच्या पहिल्या शनिवारी सकाळच्या मिस्सेनंतर आम्ही हे सर्व खणणार आहोत. जमीन आदल्या दिवशी भिजवून ठेवू. वस्तीतील मुलांनाही बोलाविले आहे. कुदळी दोनच आहेत, ज्यांच्याकडे असतील त्यांनी आणाव्यात.